पंधरा फोटो, वाक्य एकही नाही

बसा. वह्या उघडू नका, आज मी काही उतरवून देणार नाहीये.

जिन्यापाशी लावलेलं तुमचं संविधान दिनाचं भित्तिपत्रक सकाळी मी स्वतः काढून घेतलं. शिपायाला सांगितलं नाही, कारण टाचण्या काढता काढता मला ते पुन्हा एकदा नीट वाचायचं होतं. प्राचार्यांनी कौतुक केलं, अशी कुजबुज मागच्या बाकांवरून ऐकू येतेय. केलं असेल. किनार सुंदर काढली आहे, अक्षर टपोरं आहे, गोंद कुठे सांडलेला नाही. मजकुराचं कौतुक व्हायला आधी मजकूर असावा लागतो.

'संविधानाच्या पंधरा रणरागिणी'. हा मथळा कुणाला सुचला? राहू दे, नाव नकोय मला. दिल्लीत संविधान सभेच्या सभागृहात जवळजवळ तीन वर्षं कलमांवर, पोटकलमांवर, एकेका शब्दाच्या जागेवर वाद चालला. ढाल-तलवार घेऊन तिथे कुणी गेलं नव्हतं. मुन्शींना तुम्ही रणमर्द म्हणत नाही, अल्लादी कृष्णस्वामींना म्हणत नाही. ते कायदेपंडित. बाई दिसली की मात्र तिला वाघावर बसवून आरती ओवाळायची. एकदा आरती झाली की ती बोलली काय, हे वाचायची जबाबदारी संपली.

आता फोटोंखालचं बघू. अम्मू स्वामिनाथन : कॅप्टन लक्ष्मी यांच्या मातोश्री. विजयालक्ष्मी पंडित : पंडित नेहरूंच्या भगिनी. सुचेता कृपलानी : आचार्य कृपलानींच्या पत्नी. पूर्णिमा बॅनर्जी : अरुणा असफअली यांच्या भगिनी. दाक्षायणी वेलायुधन : राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या नातलग. ही काय लग्नपत्रिका आहे? आणि दुर्गाबाई देशमुख : 'चिंतामणराव देशमुखांच्या सुविद्य पत्नी, महाराष्ट्राची शान'. अरे, दुर्गाबाई राजमुंद्रीच्या. चिंतामणरावांशी त्यांचं लग्न झालं 1953 साली. संविधान लागू होऊन जवळजवळ तीन वर्षं झाल्यावर! सभेच्या कामकाजात त्या जी. दुर्गाबाई होत्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगून, मग वकिलीची परीक्षा देऊन तिथे पोचल्या होत्या. राज्यसभेच्या उमेदवाराचं वय पस्तीस असावं असा मसुदा होता. ते तिसावर आणणारी दुरुस्ती त्यांनी मांडली आणि ती मंजूर झाली. आज तिशीतला माणूस राज्यसभेत बसू शकतो तो या बाईंच्या दुरुस्तीमुळे. हे तुमच्या भित्तिपत्रकात नाही. त्यात कोण कुणाचं कोण आहे तेवढं आहे.

मी तुमच्या गटाला विचारलं, या बायका काय म्हणाल्या? उत्तर आलं, "बाई, त्यांची माहिती मिळत नाही."

हे उत्तर मला दरवर्षी मिळतं आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. माहिती मिळत नाही असं म्हणायची सोय ज्यांच्या बाबतीत खरोखर आहे, त्या बायका वेगळ्या. शेतात राबलेल्या, दळणाबरोबर आयुष्य दळलेल्या, कागदावर अंगठाही न उठलेल्या. त्यांच्यासाठी इतिहासकार जन्म घालवतात. पण संविधान सभेत उच्चारलेला शब्द न् शब्द लघुलेखकांनी टिपून घेतलाय. बारा खंड छापलेले आहेत. तारीख आहे, वक्त्याचं नाव आहे, मध्ये कुणी अडवलं तेही आहे. संसदेच्या संकेतस्थळावर ते फुकट आहेत. ज्या मोबाइलवर तुम्ही ते पंधरा फोटो शोधलेत, त्याच मोबाइलवर. त्या बायका गप्प नव्हत्या आणि कुणी त्यांचं बोलणं पुसूनही टाकलेलं नाही. तुम्ही पान उघडलं नाहीत, एवढीच या प्रकरणातली भानगड आहे. 'उपेक्षित आवाज' वगैरे मोठे शब्द वापरून आपला आळस इतिहासाच्या माथी मारू नका.

हंसा मेहतांची एक गोष्ट तुम्ही लिहिली आहे, मान्य. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशा शब्दांऐवजी 'सर्व माणसं' आलं, ते त्यांच्या आग्रहामुळे. बरोबर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती गोष्ट, म्हणून तुमच्यापर्यंत पोचली. आपल्या संविधानात त्यांनी काय केलं, ते फिरत नाही. मग ते मीच सांगते, आणि खिडकीतून बाहेर बघणं थांबवा.

1947 साली मूलभूत हक्कांच्या उपसमितीत दोनच बायका होत्या, हंसा मेहता आणि राजकुमारी अमृत कौर. धर्मस्वातंत्र्याचं कलम तयार होत होतं. धर्म मानण्याचं आणि आचरण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला असेल, असं वाक्य पुढे आलं. कुणालाही ते निरुपद्रवीच वाटेल. या दोघींना वाटलं नाही. आचरण्याचं स्वातंत्र्य असं मोघम लिहून ठेवलं, तर उद्या पडदा, देवदासी, बालविवाह यांतलं काहीही धर्माचरण म्हणून कोर्टात उभं राहील, आणि बायकांच्या बाजूनं झालेले आणि होऊ घातलेले कायदे त्यावर आपटून फुटतील, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी तो लेखी मांडला आणि धरून ठेवला. आज 25 व्या कलमात समाजकल्याणाच्या आणि सुधारणेच्या कायद्यांची वाट मोकळी ठेवणारं पोटकलम आहे, त्यामागे ही हरकत आहे.

ते पोटकलम नुसतं पुस्तकात पडून राहिलं नाही. संविधान लागू होऊन दीड वर्ष झालं असेल, मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण आलं. हिंदू पुरुषानं दोन बायका करण्याला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा 1946 चा कायदा होता, त्याला आव्हान होतं. न्यायासनावर छागला आणि आपले गजेंद्रगडकर. 1951 साली त्यांनी तो कायदा उचलून धरला. सुधारणेसाठी सरकारला कायदा करता येतो, हा आधार त्या निकालात आहे. 'नरसू अप्पा माळी खटला' असं नाव तुमच्यापैकी जे पुढे कायदा शिकतील त्यांना पाठ करावं लागेल. न्यायमूर्तींची नावंही पाठ होतील. ते पोटकलम कुणाच्या भीतीतून तिथे आलं, हा प्रश्न परीक्षेत येत नाही, म्हणून तो तुम्हाला पडतही नाही.

याच दोघींनी आणि मिनू मसानींनी समान नागरी कायदा मार्गदर्शक तत्त्वांत ढकलण्याला भिन्नमत नोंदवलं होतं. त्यावर आज चॅनेलांवर रोज आरडाओरडा चालतो. 1947 सालच्या त्या भिन्नमताचा उल्लेख तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलात?

आता दाक्षायणी वेलायुधन. तुम्ही त्यांच्या फोटोखाली 'दलित महिला' एवढंच लिहून नातलग जोडलेत. संबंध सभेत त्या एकट्या दलित स्त्री होत्या, हे खरं. पण ऐका. कोचीन संस्थानातल्या मुळवुकाड बेटावर 1912 साली पुलया जातीत जन्म. त्या जातीच्या माणसांना रस्त्यावरून मोकळं चालता येत नव्हतं. 1913 साली त्यांना आपली सभा भरवायची होती आणि जमिनीवर जागा मिळेना. मग त्यांनी एर्नाकुलमच्या खाडीच्या पाण्यात होड्या जोडून सभा भरवली. पाण्यावर कुणाच्या बापाचा हक्क नव्हता. दाक्षायणींच्या घरचे लोक त्या सभेत पुढे होते. ही मुलगी पुढे विज्ञानाची पदवीधर झाली. प्रयोगशाळेत वरच्या जातीचे शिक्षक प्रयोग जवळून दाखवत नसत, लांबून बघून शिकावं लागे. तिचं लग्न झालं वर्ध्याला, गांधी आणि कस्तुरबांच्या साक्षीनं. आपल्या महाराष्ट्रात झालं ते, हवं तर त्याची शान वाटून घ्या.

1946 च्या डिसेंबरात त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा चौतिशीच्या होत्या. संविधान सभेनं नुसतं संविधान लिहून थांबू नये, लोकांना जगण्याची नवी चौकट द्यावी, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी अस्पृश्यांना वेगळे मतदारसंघ नकोत, असं त्या ठामपणे म्हणाल्या. आणि 1948 च्या नोव्हेंबरात काय झालं? चार तारखेला बाबासाहेबांनी मसुदा सभेपुढे ठेवला. आठ तारखेला दाक्षायणींनी त्याच मसुद्यावर टीका केली. त्यात कल्पनांचा दुष्काळ आहे, सगळी सत्ता केंद्रात गोळा होतेय, विकेंद्रीकरण कुठे आहे, असा त्यांचा रोख होता. महिना संपायच्या आत अस्पृश्यता रद्द करणारं कलम चर्चेला आलं, तेव्हा त्या पुन्हा उभ्या राहिल्या. कलम लिहून अस्पृश्यता जाणार नाही, लोकांच्या वागण्यातून ती जायला हवी आणि सरकारनं त्यासाठी प्रचार करायला हवा, असं त्यांनी सांगितलं.

काय, आता गडबडलात? दलित बाई बाबासाहेबांच्या मसुद्यावर बोलते म्हटल्यावर चेहरे बघा तुमचे. नेमकं म्हणूनच तुम्ही त्यांना नुसता फोटो करून ठेवता. फोटो कुणाशी असहमत होत नाही. दाक्षायणींचं चुकलं असं तुमचं मत असेल तर मांडा ना! केंद्र बळकट हवंच होतं, कारण गावगाड्याच्या हाती सत्ता दिली असती तर दलितांचं काय झालं असतं, हा बाबासाहेबांच्या बाजूनं भक्कम युक्तिवाद आहे. तो दाक्षायणींपुढे ठेवा. तेवढा मान तरी द्या त्यांना. माणसाचं म्हणणं खोडून काढण्याइतकं गंभीरपणे घेणं, हा हार घालण्यापेक्षा मोठा मान आहे.

अम्मू स्वामिनाथनांचं एक सांगते, म्हणजे सगळ्याच भाषणांत कपाळाला आठ्या होत्या असं वाटायला नको. 1949 च्या नोव्हेंबरात, संविधान स्वीकारायला दोन दिवस उरले असताना, त्यांनी तक्रार केली की हे फार लांबलचक झालंय. संविधान म्हणजे पर्समध्ये किंवा खिशात मावेल असं छोटं पुस्तक, अशी त्यांची समजूत होती. सभागृहातल्या वकीलमंडळींना हे बोचलं असेल. मला तर ती बाई तेवढ्या एका वाक्यानं डोळ्यांपुढे उभी राहते, तुमच्या झेंडूच्या चौकटीतल्या फोटोनं नाही राहत.

आणि 'बायकांचा आवाज' असं एकवचनी लिहायची सवय सोडा. पंधराजणी एका सुरात बोलत नव्हत्या, आणि त्यांच्याबाहेरच्या तर नव्हत्याच नव्हत्या. राखीव जागांचंच बघा. हंसा मेहता म्हणाल्या, आम्ही राखीव जागा मागितल्या नाहीत, आम्हाला न्याय हवाय. 1947 च्या जुलैत रेणुका राय म्हणाल्या, राखीव जागा दिल्या की बायका तेवढ्यापुरत्याच उरतील, खुल्या जागांवर त्यांचा विचारच होणार नाही. बेगम ऐजाज रसूल या सभेतल्या एकट्या मुस्लिम स्त्री, त्यांनी अल्पसंख्याकांच्या राखीव जागांनाच विरोध केला. पूर्णिमा बॅनर्जींना मात्र शंका यायला लागली होती. 1949 साली त्यांनी मागणी केली की एखाद्या बाईची जागा रिकामी झाली तर तिथे बाईच यावी. कुणी वारलं, कुणी दुसऱ्या पदावर गेलं, की त्या जागी पुरुष येऊन बसत होते, हे त्यांना दिसत होतं.

आता सभागृहातून बाहेर या, नागपूरला. 20 जुलै 1942. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा आशयाचं बाबासाहेबांचं वाक्य तुम्ही चौदा एप्रिलला स्टेटसला लावता ना? ते याच परिषदेतलं. परिषदेचं अध्यक्ष कोण होतं? सांगा. कुणीही सांगा. सुलोचनाबाई डोंगरे, अमरावतीच्या. पाहुण्याचं वाक्य तुम्हाला पाठ आहे आणि जिच्या अध्यक्षतेखाली ते उच्चारलं गेलं तिचं नाव माहीत नाही. बाबासाहेबांना ते आवडलं असतं असं वाटतं का तुम्हाला?

त्या बायकांनी ठराव केले. घटस्फोटाचा हक्क हवा. एका पुरुषाला अनेक बायका करता येऊ नयेत. गिरणीत, विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या बायकांना रजा हवी. आणि हो, कायदेमंडळांत आपल्या बायकांना जागा हव्यात. हिंदू विवाह कायदा आला 1955 साली, त्यात घटस्फोट आला आणि एकपत्नीत्व आलं. नागपुरातल्या मंडपात ते तेरा वर्षं आधी मागून झालं होतं. राखीव जागांच्या बाबतीत तर सभागृहातल्या शिकल्यासवरल्या बायका एका बाजूला आणि मंडपातल्या कामकरी बायका दुसऱ्या. हंसाबाईंचा विश्वास होता की बरोबरीनं वागवलं की बायका आपल्या हिमतीवर येतील. संसदेनं 106 वी घटनादुरुस्ती करून एकतृतीयांश जागांची तरतूद केली ती 2023 साली, आणि तीही जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून. 2024 च्या निवडणुकीत 543 पैकी 74 बायका लोकसभेत गेल्या. कुणाचा अंदाज खरा ठरला, हंसाबाईंचा की सुलोचनाबाईंचा? यावर भांडा. माझ्या वर्गात यावर आवाज चढलेला मला चालेल. मुक्यानं किनारी रंगवत बसलेलं चालणार नाही.

सुलोचनाबाईंसारख्या किती होत्या, ते आपल्याला कळतं तरी कसं? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी या म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांची घरं शोधत हिंडल्या, समोर बसून त्यांना बोलतं केलं, आणि 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आणलं. आपल्या ग्रंथालयात आहे. त्याच्या खिशातलं कार्ड मी पाहिलं. माझ्या सहीखाली कुणाची सही नाही. तारीख सांगत नाही, मलाच लाज वाटेल.

ताराबाई शिंद्यांचं तरी वेगळं काय झालं? बुलढाण्याच्या या बाईंनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' छापलं. सुरतेच्या एका विधवेवरचा खटला आणि त्यावरून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर घसरलेली वर्तमानपत्रं, हे कारण. जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेतली. नंतर पुस्तक असं गडप झालं की स. गं. मालशांनी 1975 साली ते पुन्हा छापेपर्यंत ते फारसं कुणाच्या खिजगणतीतच नव्हतं. अवंतिकाबाई गोखल्यांनी चंपारणला जाऊन काम केलं आणि 1918 साली मराठीत गांधींचं पहिलं चरित्र लिहिलं, त्याला प्रस्तावना टिळकांची. टिळकांची प्रस्तावना म्हटल्यावर आता तुमचे कान टवकारले, ते दिसलं मला. गोव्याच्या सुधाताई जोशी 1955 साली म्हापशाला गोवा राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेऊन थेट पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेल्या. त्यांना तुम्ही ओळखलंतच, तर 'संस्कृतिकोशवाल्या महादेवशास्त्रींच्या पत्नी' म्हणून ओळखाल. शास्त्रीबुवांचा कोश थोरच आहे. पण अटक त्यांच्या कोशाला नव्हती झाली.

आता मुलांनो, तुमच्याकडे वळते. बराच वेळ 'हे मुलींना चाललंय' असा चेहरा करून बसला आहात. या भित्तिपत्रकासाठी तुम्ही काय केलंत? शिडी धरलीत आणि खिळे ठोकलेत. लिहायचं काम मुलींवर टाकलंत, कारण विषय 'त्यांचा'. 25 वं कलम त्यांचं आहे का? राज्यसभेची वयोमर्यादा त्यांची आहे का? तुमच्यातला एखादा उद्या तिसाव्या वर्षी राज्यसभेत जाऊन बसेल, तेव्हा दुर्गाबाईंची दुरुस्ती तुझी नव्हे म्हणून त्याला कुणी बाहेर काढणार नाही. मुलींनो, तुम्ही हसू नका. नवऱ्यांची नावं तुमच्याच अक्षरात आहेत. घरी आजीला 'अमक्यांची सून' म्हणतात तेव्हा तुम्हाला राग येतो, निबंधात लिहिलंत की नाही मागच्या महिन्यात? मग पेन हातात आल्यावर तुम्ही दुसरं काय केलंत?

तर काम असं. प्रत्येकानं या पंधराजणींपैकी एकीचं एक भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. इंग्रजी अडलं तर शब्दकोश ग्रंथालयात आहे, माझ्या खोलीतही आहे. ती कोणत्या कलमावर बोलली, कुणाला उत्तर देत होती, तिचं ऐकलं गेलं की नाही, आणि तुमचं तिच्याशी कुठे पटत नाही, एवढं दोन पानांत. जन्मगाव नको, लग्न नको, फोटो तर अजिबात नको. ज्यांना सभागृह नको असेल त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' मधली एक मुलाखत वाचायला घ्यावी, नियम तेच. पुस्तकाची प्रत एकच आहे, तेव्हा आपसांत वाटून घ्या आणि कार्डावर सह्या करा. सोमवारी मी एकेकाला उभं करणार आहे. एकच प्रश्न विचारीन, 'काय म्हणाल्या?' त्याला 'त्या फार थोर होत्या' हे उत्तर दिलंत तर उभेच राहाल.